डोंगर न आवडणाऱ्या डॉक्टरबाई

डॉक्टरबाईंना डोंगर मुळीच आवडत नसत. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांच्याबद्दल नुसतं ऐकलेल्या लोकांची समजूत नेमकी उलटी असते. शाळा-कॉलेज सोडून खोलीचं दार लावून बसलेल्या मुलामुलींना डोंगरावर नेऊन ठेवणारी बाई म्हटलं, की खादीचा झब्बा, पाठीवर सॅक आणि पक्ष्यांची नावं तोंडपाठ असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. डॉक्टरबाई नारायण पेठेत जन्मल्या आणि वाढल्या. पन्नाशी उलटेपर्यंत मातीचा रस्ता त्यांनी बसच्या खिडकीतूनच पाहिलेला. गवताचं कुसळ लागलं की त्यांच्या अंगावर पित्त उठे. फुलोऱ्याच्या दिवसांत शिंका सुरू झाल्या की थांबत नसत. पालीला तर त्या एवढ्या भीत, की खोलीत आधी कुणीतरी जाऊन भिंती बघून यायचं आणि मग त्या आत शिरायच्या. पाचवारी साडी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट आणि हातात काळी छत्री. ऊन असो, ढग असो, छत्री उघडलेलीच. आभाळ डोक्यावर उघडं असलं की आपल्याला अवघडल्यासारखं होतं, असं त्या म्हणत.

“माझा निसर्गाशी संबंध गॅलरीतल्या कुंडीपुरता,” त्या मुलांच्या आईवडिलांना सांगत, “आणि ती कुंडीही वाळलेली आहे. तेव्हा माझ्याकडून त्या बाबतीत काही अपेक्षा ठेवू नका.”

मी मानसशास्त्रात एम.ए. करून नुकतीच बाहेर पडले होते. त्या मनोविकारतज्ज्ञ म्हणून नाव कमावून बसलेल्या, आणि कर्वे रस्त्यावरचा चालता दवाखाना बंद करत होत्या. अर्धवट भरलेल्या पुस्तकांच्या खोक्यांमध्ये बसून त्यांनी माझी मुलाखत घेतली.

“आपल्याला काय काय येतं?”

मी शिकलेल्या उपचारपद्धतींची नावं घ्यायला लागले. त्यांनी मला पूर्ण करू दिलं.

“ते मलाही येतं. त्यानं किती होतं, तेही माहीत आहे. गप्प बसता येतं का?”

“म्हणजे?”

“म्हणजे आत्ता बसला नाहीत तसं.”

तरी नोकरी मिळाली.

जागा खडकवासल्याच्या पुढे, पानशेतच्या रस्त्यावरून आत. धरणाच्या फुगवट्याचं पाणी एका हाताला ठेवून गाव ओलांडायचं, मग पायवाट चढायची. अर्ध्या चढावर एक ओढा आडवा येतो. तो ओलांडून आणखी वर गेलं की डोंगराच्या कुशीत सपाटीचा तुकडा. तिथं पत्र्याच्या तीन खोल्या, एक चूल आणि वरच्या झऱ्यावरून नळीनं आणलेलं पाणी. जमीन गावातल्या आप्पांची. आप्पा सत्तरीचे, मितभाषी. डॉक्टरबाईंनी जमीन मागितली तेव्हा ते त्यांच्या बुटांकडे बघत म्हणाले होते, “बाई, हितं काय बी न्हाई.” डॉक्टरबाई म्हणाल्या, “तेच पाहिजे आहे.”

मुलं साधारण पंधरा ते अठरा वयाची. एका वेळी पाच-सहा. महिना-दीड महिना राहायची. कुणी हातावर ब्लेडनं कापून घेतलेलं, कुणी जेवण सोडलेलं, कुणी रात्रंदिवस मोबाइलच्या पलीकडचं जग विसरलेलं. पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटे, आता ध्यान, योग, झाडाला मिठी असं काहीतरी सुरू होणार. डॉक्टरबाई तसलं काहीही करत नसत. “कसं वाटतंय?” हा प्रश्न त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. सकाळी त्या एवढंच विचारत, “पाणी आलं का?” झऱ्याच्या तोंडाशी पाला अडकून नळी तुंबायची. मग कुणीतरी वर जाऊन ती मोकळी करायची. नाही गेलं तर पाणी नाही. त्यावर चर्चाही नाही.

मुलांना त्या ‘तुम्ही’, कधीकधी ‘आपण’ म्हणत. ज्या पोराला घरात सकाळपासून ‘अरे ए’ ऐकायची सवय, त्याला छत्रीखालून आवाज यायचा, “आपण जेवणार आहात, की आपलं ताट झाकून ठेवू?” पोरं गोंधळून जात. काही हसत. एकानं मला विचारलंही होतं, “ताई, मॅडम टोमणे मारतात का रिस्पेक्ट देतात?” मला तेव्हाही नक्की सांगता आलं नाही.

कुणी समोरच्या दरीकडे बघून “काय भारी व्ह्यू आहे!” म्हणालं, तर त्या म्हणत, “व्ह्यू बघणारी माणसं तिकडे सिंहगडावर असतात. पिठलं-भाकरी खाऊन खाली जातात. आपल्याला इथं राहायचंय.”

मग डोंगरच का? हे मी त्यांना एकदा विचारलं. सहसा त्या असा प्रश्न उडवून लावत, पण त्या दिवशी शिंका थांबल्या होत्या आणि चहा बरा झाला होता. त्यांनी दवाखान्यातल्या एका मुलीची गोष्ट सांगितली. ती मुलगी कितीतरी महिने त्यांच्यासमोर बसून फक्त नखं कुरतडायची. एके दिवशी आपण होऊन बोलली. म्हणाली, परवा कोकणात जाताना घाटात आमची गाडी बंद पडली. बाबा बॉनेट उघडून बसले, आई दगडावर. कुणालाच काही सुचत नव्हतं. मी रस्त्याच्या कडेला नुसती उभी होते. तेवढा वेळ मला बरं वाटलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, का? तर म्हणाली, कुणी माझ्याकडे बघत नव्हतं.

“एवढी वर्षं मी मुलांकडे निरखून बघायची फी घेत होते,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आई बघतेय, बाप बघतोय, क्लासवाले बघताहेत, वर मीही बघतेय. या झाडांना त्यांचं काही पडलेलं नाही. पास व्हा, नापास व्हा, रडा, झोपा. दगडाला काही फरक पडत नाही. एवढं दुर्लक्ष शहरात कुठं मिळतं सांगा.”

त्यांच्या सगळ्या उपचाराचा गाभा मला वाटतं हाच होता. एक मुलगी आली होती, घरात वस्तू फेकणारी, आईच्या अंगावर धावून जाणारी. तिनं सगळ्यांनी सांगूनही बूट उघड्यावर ठेवले आणि अवकाळी पाऊस आला. सकाळी बुटांत पाणी. ती आधी माझ्यावर ओरडली, मग स्वयंपाकाच्या मावशींवर, मग डॉक्टरबाईंवर. डॉक्टरबाई छत्री मिटून तिच्याशेजारी बसल्या. म्हणाल्या, “कुणावर ओरडायचं ते ठरलं की सांगा. पाऊस गेला, नाहीतर त्याला बोलावलं असतं.” मुलगी बराच वेळ ओल्या बुटांकडे बघत राहिली आणि मग रडायला लागली. रागानं नाही, वेगळंच. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. तिच्या पाठीवर हात ठेवायला माझा हात पुढे गेला होता. डॉक्टरबाईंनी मान हलवून नको म्हटलं.

ती मुलगी सुधारली. पुढे काही वर्षांनी औंधच्या एका मॉलमध्ये मला दिसली, मैत्रिणींबरोबर, हातात कॉफी. मी हसले. तिनं माझ्याकडे पाहिलं, तिला ओळख पटलेली मला स्पष्ट दिसली, आणि ती नजर वळवून पुढे गेली. मी जरा दुखावले. डॉक्टरबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “उत्तम. ओळख दिली नाही म्हणजे काम झालं. जी मुलं दिवाळीला मेसेज करतात ना, त्यांची मला काळजी वाटते.”

आईवडिलांना भेटायला यायचं असेल तर गाडी खाली गावात सोडून चढून यावं लागे. कुणी तक्रार केली तर त्या म्हणत, चढ हा माझा सहकारी आहे. खरंच, खालून भांडायला निघालेली माणसं वर पोचेपर्यंत भांडण विसरलेली असत. घाम पुसत दगडावर बसत. मग त्यांच्याशी बोलता येई. त्या बोलण्यात डॉक्टरबाई खोटा दिलासा म्हणून देत नसत. एका आईनं हात जोडून विचारलं होतं, “मुलगा ठीक होईल ना?” त्या म्हणाल्या, “मला माहीत नाही.” त्या आईला रडू फुटलं. नंतर मी म्हटलं, जरा सौम्यपणे सांगता आलं असतं. त्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, “पत्र्याची खोली आहे. आत मुलगा ऐकत होता. त्याला आजवर सगळ्यांनी सांगितलंय की तू ठीक होणार. त्या सगळ्यांवरचा त्याचा विश्वास उडालाय. एका तरी माणसावर राहू दे.”

फैजान आमच्याकडे आला तो थंडीच्या शेवटी.

भवानी पेठेत त्यांचा लोखंडी ट्रंका आणि कपाटं बनवण्याचा कारखाना होता, आजोबांपासूनचा. खाली कारखाना, वर घर. दहावीपर्यंत फैजान वर्गात पहिला. अकरावीत सायन्स घेतलं, क्लास लावला, आणि काही महिन्यांत तो क्लासला जाईनासा झाला. मग कॉलेजला, मग जेवायलाही खोलीबाहेर येईना. आई दाराबाहेर ताट ठेवायची. एके दिवशी वडिलांनी कारखान्यातली हत्यारं आणून दाराची कडी तोडली. त्या दिवसापासून त्यानं बोलणंही सोडलं.

वडील मोठे अदबशीर. चढून आल्यावर आधी त्यांनी बायकोला सावलीत बसवलं, पाणी दिलं, मग डॉक्टरबाईंना म्हणाले, “डॉक्टर, मी दार उघडायला नको होतं का?”

“माहीत नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “मुलाला इथं ठेवा. इथं दाराला कडीच नाही.”

पहिले कितीतरी दिवस फैजान पत्र्याच्या भिंतीला पाठ लावून बसून राहिला. डॉक्टरबाई थोड्या अंतरावर खुर्ची टाकून भाजीबरोबर आलेलं जुनं वर्तमानपत्र वाचत बसत. शिळी बातमी वाचायला त्यांना आवडे, आता त्यात आपल्याला काही करण्यासारखं उरलेलं नसतं म्हणून. दोघांत बोलणं काहीच नाही. जेवणाची वेळ झाली की तो उठे, जेवे, ताट धुऊन पुन्हा जागेवर.

मग एका सकाळी पाणी आलं नाही, आणि कुणी काही बोलण्याआधी फैजान उठून झऱ्याकडे चालायला लागला. बराच वेळ झाला. मी बेचैन होऊन वर गेले. तो गुडघाभर चिखलात बसून पत्र्याचा एक तुकडा दगडानं ठोकून वाकवत होता. नळीच्या तोंडाला त्यानं पाला अडवणारी जाळीसारखी टोपी बसवली. ट्रंका बनवणाऱ्याच्या घरातला मुलगा, पत्रा कसा वळतो हे त्याच्या हातांना ठाऊक होतं. त्यानंतर नळी क्वचितच तुंबली. डॉक्टरबाईंनी कौतुक केलं नाही. एवढंच म्हणाल्या, “आता सकाळी मी काय विचारू?”

तो हसला. मी त्याला हसताना पाहिलं ते तेव्हा पहिल्यांदा.

पुढे तो ओढ्यात रमला. ओढा तेव्हा बारीक झालेला. त्यात दगड रचून बांध घालायचा, पाणी साठवायचं. पाणी तो बांध फोडायचं, तो पुन्हा रचायचा. दिवस दिवस हेच. एका दुपारी मी तिथं बसले होते, तेव्हा तो आपण होऊन बोलला.

“ताई, इथं शांतता आहे असं सगळे म्हणतात. पण शांतता कुठंय? तो होला पक्षी दिवसभर ओरडतो, पाणी वाजतं, वारा वाजतो. फक्त यातला कुठलाच आवाज माझ्यासाठी नाहीये.”

“आणि घरी?”

“घरी अम्मीच्या बांगड्या दाराबाहेर वाजायच्या ना, तर त्या माझ्यासाठी वाजायच्या. अब्बा खोकले तरी माझ्यासाठी. खाली हातोडा पडायचा तरी वाटायचं, मला काहीतरी सांगतोय.” त्यानं एक दगड उचलून बसवला. “ते वाईट नाहीत. सगळे चांगले आहेत. तेच जास्त हेवी होतं यार.”

मी डॉक्टरबाईंना हे सांगितलं. त्यांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाल्या, “अजून बरेच दिवस लागतील.”

पण तेवढे दिवस मिळाले नाहीत. उन्हाळा तापायला लागला तेव्हा आईवडील भेटायला आले. ते ओढ्यापाशी पोचले आणि त्यांना मुलगा दिसला. अनवाणी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, उन्हानं रापलेला. आईला बघून तो हसला. ती माउली तिथंच पाण्यात बसली. वडील वर आले ते डोळे पुसतच.

“डॉक्टर, आपले उपकार कसे फेडू? आज घेऊन जातो त्याला.”

“आपला मुलगा बरा झालेला नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तो इथं बरा आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.”

“हसतोय तो. आईशी बोलला.”

“हो. पण जे मिळालंय ते घरी टिकेल एवढं अजून झालेलं नाही. थोडे दिवस राहू द्या.”

“परीक्षा आहे त्याची. निदान बसला तरी—” वडील थांबले. “डॉक्टर, मूल आईजवळ नको का? आपल्याला मुलं नाहीत म्हणून—”

मग स्वतःच दचकले, हात जोडायला लागले. डॉक्टरबाई शांत होत्या. “माफी कशाला? मला मुलं नाहीत, हे खरंच आहे. आणि आपल्या मुलाला थोडे दिवस ठेवावं, हेही खरं आहे.”

शेवट फैजाननंच केला. आईच्या चेहऱ्याकडे बघून तो म्हणाला, “जातो मी. चालेल मला.” कपडे पिशवीत भरले. निघताना डॉक्टरबाई त्याला म्हणाल्या, “इथलं दार उघडं असतं. केव्हाही या.” हे त्या प्रत्येक जाणाऱ्या मुलाला सांगत. ते तिघं उतरले, एकमेकांना धरून, हळूहळू. डॉक्टरबाई ओढ्यापर्यंत सोडायला गेल्या, हे मात्र त्या कधी करत नसत.

पावसाळ्यात आमचं काम बंद असे. ओढा फुगला की पलीकडे जाता येत नाही, त्यामुळे जूनमध्ये खोल्यांना दोरी बांधायची आणि दसऱ्याच्या सुमारास उघडायच्या. त्या वर्षी डॉक्टरबाईंनी बरेच दिवस टाळलेलं गुडघ्याचं ऑपरेशन पावसाळ्यात करून घेतलं. मी दवाखान्यात त्यांच्याजवळ बसले होते तेव्हा आप्पांचा फोन आला.

ते बोलत होते ते मला आधी समजेचना. मग समजलं. आदल्या दुपारच्या बसनं एक पोरगा गावात उतरला होता. आप्पांच्या बायकोनं ओट्यावरून त्याला पाहिलं, ओळखलं. “आरं, वर कोन न्हाई. वढा भरलाय,” असं ओरडून सांगितलं. पाऊस इतका होता, की त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. त्यानं हात केला आणि तो पायवाटेला लागला. तिला वाटलं, पाणी बघून माघारी येईल. अंधार पडायच्या आत आप्पा आणि गावातले चारजण बॅटऱ्या घेऊन वर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खाली फुगवट्याच्या काठाला सापडला.

“यायलाच निघालं हुतं पोरगं,” आप्पा फोनवर पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते. “वढ्यानं न्हेलं, ताई.”

मी डॉक्टरबाईंना सांगितलं. त्यांनी मला सगळं दुसऱ्यांदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, “मी दार उघडं आहे म्हटलं होतं. पावसाळ्यात बंद असतं, हे म्हटलं नव्हतं.”

पोलिसांनी अपघात लिहिला. एका वाहिनीनं दोन दिवस आमच्या पत्र्याच्या खोल्या दाखवल्या. चौकशी झाली, तीत काही निघालं नाही, कारण जागा बंद होती आणि मुलगा आमच्याकडे नव्हता. डॉक्टरबाईंना या कशानंच काही फरक पडला नाही. लोक काय म्हणतात याची त्यांना कधीच पडलेली नव्हती. पण त्यांनी मला विचारलं, “आपल्याला काय वाटतं, ओढा दिसला नसेल का त्याला?” मी म्हटलं, पाऊस फार होता. त्या म्हणाल्या, “तो ओढा त्याच्याएवढा कुणाला माहीत होता?”

पाऊस सरल्यावर फैजानचे वडील डॉक्टरबाईंच्या घरी आले. मी तिथंच होते. ते फार थकलेले दिसत होते. दाढी वाढलेली, अंगातला सदरा सैल झालेला. बसले नाहीत. म्हणाले, “डॉक्टर, मला ती जागा पुन्हा एकदा दाखवाल का? त्या दिवशी मी नीट बघितली नाही.”

डॉक्टरबाईंना चढ चढायची परवानगी नव्हती. त्या काठी घेऊन निघाल्या. आम्ही तिघं फार सावकाश चढलो. गवत उंच आणि पिवळं झालं होतं, कुसळं साडीला लागत होती, त्या मधूनमधून थांबून शिंकत होत्या. ओढा पुन्हा शांत झालेला. फैजानच्या बांधाचा एकही दगड जागेवर नव्हता.

वडील काठावर बसले.

“तो इथं खरंच हसायचा का?”

“हसायचा,” डॉक्टरबाई त्यांच्याकडे बघून म्हणाल्या. “फार नाही. पण हसायचा.” मग त्यांनी नळीच्या टोपीचं सांगितलं, बांधाचं सांगितलं, तो भाकरी कशी मोडून दुधात घालायचा ते सांगितलं. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. वडील लहान मुलासारखे ऐकत होते.

“त्याच्या बॅगेत दोन जोड कपडे होते, टॉवेल होता,” ते म्हणाले. “मोबाइल घरी ठेवून आला होता. इथं चालत नाही म्हणून ठेवला असेल ना? मरायला निघालेला मुलगा टॉवेल घेतो का, डॉक्टर?”

“मला माहीत नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “मी फार विचार केला. मला माहीत नाही.”

वडिलांनी मान हलवली. ते उत्तर त्यांना अपेक्षितच होतं असं वाटलं. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्यासाठी ते एवढा चढ चढून आले होते.

“मी त्या दिवशी त्याला नेलं नसतं तर?”

डॉक्टरबाईंचं उत्तर मला माहीत होतं. त्यांनी ते त्याच माणसाला, याच डोंगरावर, उन्हाळ्यात देऊन ठेवलेलं होतं. त्यांनी ओढ्याकडे बघितलं. काठीनं चिखलात एक रेघ ओढली.

“तरीही हेच झालं असतं,” त्या म्हणाल्या. “आपण नेल्यानं काही झालं नाही.”

वडिलांनी डोळे मिटले. त्यांचे खांदे हलायला लागले. थोड्या वेळानं ते उठले आणि डॉक्टरबाईंना उठायला हात दिला. उतारावर सबंध वाट त्यांनी त्यांचा हात धरला होता.

डॉक्टरबाई त्यानंतर तिथं परत गेल्या नाहीत. दसऱ्याला खोल्या उघडल्या नाहीत. ज्या मुलांना घेऊ म्हणून सांगितलं होतं, त्यांच्या आईवडिलांना त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांची नावं दिली. आप्पा वारले, मुलांनी जमीन विकली, आता तिथं बंगल्यांचे प्लॉट पडले आहेत.

त्या मांजरी उपनगरात भाचीकडे राहायला गेल्या. नव्या इमारतींच्या रांगा, मागे उरलासुरला ऊस. मी अधूनमधून जात असे. त्या पडदे ओढून बसत. एकदा मी धीर करून म्हटलं, पुन्हा काहीतरी सुरू करू या, लहान प्रमाणावर. शहरातच, डोंगर नको.

“मी त्या माणसाशी खोटं बोलले,” त्या म्हणाल्या.

“दुसरं काय बोलणार होतात? तो बाप मेला असता.”

“हो. म्हणूनच बोलले. पुन्हा विचारलं तर पुन्हा बोलेन.” त्या थांबल्या. “पण मुलं माझं ऐकायची ते मी असलं बोलत नाही म्हणून. आता मुलगा समोर बसेल आणि मी म्हणेन, मला माहीत नाही, तर मलाच वाटेल की हे खरं की सोयीचं? ते मुलांना लगेच कळतं हो.”

मी पुष्कळ समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चहा मागवला. पुढच्या वर्षी त्या गेल्या, झोपेतच.

वैकुंठ स्मशानभूमीत माणसं थोडीच होती. जुन्या मुलांपैकी कुणी नव्हतं. त्यांना आवडलं असतं. सगळं आटोपून बाहेर येताना भिंतीपाशी एक गृहस्थ उभे दिसले. डोक्याला रुमाल बांधलेला. फैजानचे वडील. पेपरात वाचून आलो म्हणाले.

“त्या दिवशी डॉक्टर खोटं बोलल्या,” ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे वळले.

“मला तिथंच कळलं होतं. बाकीची उत्तरं त्यांनी माझ्याकडे बघून दिली. ते एक पाण्याकडे बघून दिलं.” त्यांचा आवाज नेहमीसारखाच अदबशीर होता. “तरी मी ते घरी नेलं. फैजानच्या अम्मीला सांगितलं, डॉक्टर म्हणाल्या, आपण आणल्यानं काही झालं नाही. तोवर ती अन्नाला शिवत नव्हती. मला म्हणायची, मी पाण्यात बसून रडले म्हणून तो आला. त्या दिवशी ती जेवली. अजून कधी रात्री उठून विचारते, डॉक्टर नक्की असंच म्हणाल्या ना? मी म्हणतो, असंच म्हणाल्या.”

रस्त्यावरून एक बस गेली. तिचा आवाज विरेपर्यंत ते थांबले.

“हे त्यांना सांगायचं होतं. मांजरीचा पत्ता काढला. दोनदा बिल्डिंगच्या गेटपर्यंत गेलो. वाटलं, मला बघून त्यांना त्रास होईल, म्हणून परत आलो.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “त्यांना समजलं असेल का हो? काही अंदाज तरी आला असेल?”

“नाही,” मी म्हणाले. “त्यांना समजलं नाही.”

त्यांनी मान हलवली. मग डोक्याचा रुमाल सोडून त्याची घडी केली, ती खिशात ठेवली, आणि ते नदीच्या बाजूनं चालत निघून गेले.